मोरेनो तुरुंगात गेला, पण त्या सामन्यासाठी नव्हे

वर्ल्डकप जवळ आला की हा मजकूर पुन्हा फिरू लागतो: '2002 ला दक्षिण कोरियाने रेफरी बायरन मोरेनोला विकत घेऊन इटलीला हरवलं. ते सिद्ध झालं आणि मोरेनोला तुरुंगवास झाला.' तेव्हा मीही इटलीसाठी हळहळलो होतो. तरी हा मजकूर खोटा आहे.

आधी तुरुंगाचं. सप्टेंबर 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर इक्वेडोरचा हा माजी रेफरी अंगाला हेरॉइनच्या पिशव्या चिकटवलेल्या अवस्थेत सापडला. अडीच वर्षांची शिक्षा झाली ती त्या तस्करीची. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात झालेल्या त्या सामन्याशी तिचा काडीचाही संबंध नाही.

'प्रत्येक निर्णय मोरेनोने फिरवला', हेही खरं नाही. इटलीच्या तोम्मासीचा गोल ऑफसाइड ठरला तो लाइन्समनने झेंडा वर केला म्हणून. निर्णय चुकलाच, पण झेंडा दुसऱ्याच्या हातात होता. इटलीच्याच तोत्तीचं मात्र मोरेनोच्याच खात्यावर मांडायला हवं. 103व्या मिनिटाला तोत्ती बॉक्समध्ये पडतो, मोरेनो धावत येतो, दुसरं पिवळं कार्ड काढतो आणि लगेच लाल. नाटक केलं म्हणून! माझ्या मते ती पेनल्टी नव्हती, पण नाटकही नव्हतं.

आणि इटलीच्या चुका? 88व्या मिनिटापर्यंत ते 1-0 पुढे होते. पानुच्चीला चेंडू आवरता आला नाही आणि कोरियाच्या सोल की-ह्योनने बरोबरी साधली. पाठोपाठ विएरीने अगदी जवळून हातातली संधी घालवली. 117व्या मिनिटाला कोरियाच्या आन जुंग-ह्वानने मालदिनीला चुकवून हेडरने गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल केला. यातलं काहीच रेफरीने घडवलं नाही.

मोरेनो धुतल्या तांदळासारखा होता, असं मी म्हणत नाही. 2002 च्याच सप्टेंबरात इक्वेडोरमधल्या क्विटोच्या एका लीग सामन्यात त्याने सहा मिनिटं वाढीव दिली आणि खेळवली तब्बल तेरा. त्या जादा वेळात पिछाडीवरचा यजमान संघ 4-3 ने जिंकला. त्याच्यावर 20 सामन्यांची बंदी आली.

पण फिक्सिंग सिद्ध होणं म्हणजे काय, ते जर्मनीच्या रॉबर्ट हॉयत्सरच्या प्रकरणात दिसतं. ऑगस्ट 2004 मध्ये हांबुर्ग 2-0 पुढे असताना त्याने त्यांचा एक खेळाडू बाहेर काढला, पाडरबोर्नला दोन पेनल्टी दिल्या आणि खालच्या श्रेणीतल्या त्या संघाने 4-2 ने सामना मारला. सहकारी रेफरींनीच तक्रार केली. हॉयत्सरने आधी नाकारलं, मग कबुली दिली. बेटिंग करणाऱ्यांकडून घेतलेले 67,000 युरो आणि एक टीव्ही उघड झाला. कोर्टाने 2 वर्षं 5 महिन्यांची शिक्षा दिली. देजॉनच्या सामन्याबाबत अशी कबुली नाही, पैशांचा माग नाही, निकालही नाही.