देणगीचा डबा ठेवला म्हणून दारूचं लायसन्स टळत नाही

"चर्चचा कार्यक्रम खाजगी असतो, दारू आपण विकत नाही नुसती देणगी घेतो, जेवण घरून करून आणतात, त्यामुळे लायसन्स-बिसन्स काही लागत नाही, आणि काही झालंच तर चर्चचा विमा आहे" असा एक मेसेज फिरतोय आणि लोक बिनधास्त पुढे ढकलतायत.

देणगीचंच आधी घेऊ. तिकिटात एक ग्लास वाइन धरलेली असेल, कूपन दिलं की बिअर मिळत असेल, तर ती विक्रीच. डब्यावर 'देणगी' लिहिलंय की अजून काही, याला फारसा अर्थ नसतो, पैसे टाकल्याशिवाय ग्लास मिळतो का एवढंच बघतात. खरोखर फुकट वाटली तर बऱ्याच ठिकाणी चालतं, पण तेव्हाही वयाची अट सुटत नाही. तात्पुरतं लायसन्स बऱ्याच देशांत मिळतं, फक्त अर्ज आधी करावा लागतो, आदल्या संध्याकाळी नाही!

"मग प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, द्राक्षारस कसा चालतो?" अहो त्याला वेगळी सूट असते. अमेरिकेत १९२० ला देशभर दारूबंदी आली तेव्हाही ती राबवणाऱ्या वोल्स्टेड कायद्याने धार्मिक विधीच्या वाइनला मोकळीक ठेवली होतीच. पण ही सूट वेदीपुरती, हॉलमधल्या काउंटरला नाही. आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नाचा दाखला देणाऱ्यांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्यायही वाचावा, प्रभुभोजनाला येऊन तर्र होणाऱ्यांना प्रेषित पौलाने तिथे चांगलंच झापलंय. शिवाय सॅल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती पंथांकडे मुळात दारूच वर्ज्य, म्हणजे सरकारच्या आधी आपल्याच मंडळीचा नियम बघायला हवा.

जेवणाबद्दल मेसेज थोडासा बरोबर आहे, कधीमधी स्वयंसेवकांनी केलेल्या जेवणाला काही ठिकाणी नोंदणी लागत नाही. पण सूट नोंदणीतून आहे, जंतूंकडून नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये ते झपाट्याने वाढतात, आणि मोठं पातेलं झाकून ठेवलं की मधलं अन्न तासन्‌तास कोमटच राहतं, म्हणून उरलेलं उथळ ट्रेमध्ये पसरून लगेच गार करा. भाताचं तर अजून वाईट, त्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचं विष एकदा तयार झालं की परत गरम करूनही जात नाही.

राहिला विमा. बऱ्याच पॉलिसींत दारूसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि लायसन्स नसताना वाटली असेल तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतंच कारण मिळतं. कार्यक्रमाआधी एजंटला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.