घराण्यात कोणी बहिरं नाही, तरी दोष आनुवंशिक असू शकतो

बाळाला ऐकू येत नाही असं कळलं की नातेवाइकांकडून आणि व्हॉट्सअॅपवरून तेच ते समज कानावर येतात. आईवडिलांना ऐकू येतं, घराण्यात कोणी कर्णबधिर नाही, लग्न नात्यातलं नाही, म्हणजे हे आनुवंशिक नाही. चाचणी केलीच आणि ‘३५ डेल जी’ हा ठरावीक दोष निघाला नाही, तर बहिरेपणाशी जोडलेलं जीजेबी२ जनुक चांगलं. जीजेबी२सारखी कनेक्झिनची (पेशींना जोडणाऱ्या नळ्यांच्या प्रथिनांची) जनुकं वीसेक आहेत, एक बिघडलं तर दुसरं भागवतं. आणि दोष जनुकातच असेल, तर कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या यंत्राचा) काय उपयोग? यातला एकही मुद्दा पूर्ण टिकत नाही.

‘आईवडिलांना ऐकू येतं.’ यायलाच हवं. १३व्या गुणसूत्रावरच्या जीजेबी२चे बहुतेक दोष अप्रभावी असतात. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत चांगली असली की काम भागतं, म्हणून वाहक माणसाला (ज्याची एकच प्रत सदोष आहे) आयुष्यभर पत्ता लागत नाही. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के. दोन-तीन मुलांच्या घरात असं पहिलं बाळ एकटंच दिसतं, आणि त्याला ‘घराण्यात नाही’ म्हटलं जातं.

नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो हे खरं. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर आजी-आजोबांकडची एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी उतरू शकते. पण नातं नसलं म्हणून धोका शून्य होत नाही. दोन अनोळखी घराण्यांतून दोन वेगळे दोष आले तरी परिणाम तोच.

सगळ्यात जास्त नुकसान ‘३५ डेल जी’च्या मुद्द्याने होतं. हा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत मुख्य आहे, पूर्व आशियात २३५ डेल सी. भारतात सर्वाधिक आढळतो तो डब्ल्यू२४एक्स. यात जनुकाच्या मजकुरात ७१व्या जागी जी या अक्षराऐवजी ए येतो, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या संकेताचा ‘थांबा’ होतो आणि २२६ अमिनो आम्लांचं प्रथिन २३वरच तुटतं. म्हणून अहवाल ‘निगेटिव्ह’ असला तरी प्रयोगशाळेला विचारा: जनुकाचा दुसरा एक्झॉन (भाग) पूर्ण वाचला का? प्रथिनाचा सगळा मजकूर त्यातच आहे. पहिल्या एक्झॉनच्या जोडणीची जागा पाहिली का? शेजारच्या जीजेबी६ जनुकाकडचा मोठा तुकडा गळाला असेल तर जनुक वाचण्याच्या साध्या सँगर पद्धतीत ते दिसत नाही. ते वेगळं तपासलं का? एकच दोष सापडला तर निदान झालं असं समजू नका, बाळ निव्वळ वाहकही असू शकतं. दोन सापडले तर आईवडिलांचीही तपासणी हवी. दोन्ही दोष एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत चांगलीच असते. आणि जीजेबी२ खरोखर निर्दोष ठरलं, तरी बहिरेपणाची जनुकं शंभराहून जास्त आहेत.

‘दुसरं भागवतं’ यात अर्धं तथ्य आहे. जीजेबी२पासून कनेक्झिन २६ हे प्रथिन बनतं. त्याचे सहा रेणू मिळून अर्धी नळी होते. शेजारच्या पेशीची अर्धी नळी तिला जुळली की आरपार वाट तयार होते. इतर बहुतेक अवयवांत दुसरी कनेक्झिनं भार उचलतात, म्हणून या मुलांचं बाकी शरीर सहसा ठीक असतं. आंतरकर्णात मात्र कनेक्झिन ३० सोबतीला असूनही २६ची उणीव भरत नाही. शिवाय प्रत्येक जनुकाचा आजार वेगळा: जीजेबी१ बिघडलं तर हातापायांच्या नसा, जीजेए३ किंवा जीजेए८ बिघडलं तर मोतीबिंदू. जीजेबी२चेही काही दोष प्रभावी असतात, म्हणजे एकच प्रत सदोष असली तरी त्रास होतो. सदोष रेणू चांगल्यांबरोबर त्याच नळीत बसून ती बिघडवतो. बाळाच्या तळहात-तळपायांची कातडी जाड दिसली तर डॉक्टरांना जरूर सांगा.

इम्प्लांटबद्दलचा समज तर उलटाच आहे. बिघाड कॉक्लियातल्या (आंतरकर्णातल्या शंखासारख्या भागातल्या) आधारपेशींच्या जाळ्यात असतो, श्रवणतंतू सहसा शाबूत. इम्प्लांट थेट त्या तंतूलाच उद्दीपित करतो, त्यामुळे या मुलांमध्ये त्याचे निकाल चांगले येतात. त्यासाठी वेळ पाळावी लागते: पहिल्या महिन्यात ओएई किंवा बेरा ही श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि भाषेचं काम सुरू. जन्मतःच्या तपासणीत ‘पास’ झालेल्या काही बाळांतही जीजेबी२चा बहिरेपणा पुढे दिसतो, म्हणून बाळ आवाजाला दाद देत नाही असं वाटलं तर बेरा पुन्हा करून घ्या. जनुकाचा अहवाल येईपर्यंत श्रवणयंत्र थांबवू नका.