एकच लेख चार ठिकाणी पाठवावा का? लहान नियतकालिकांविषयीच्या एका समजुतीचा प्रतिवाद

नव्या अभ्यासकांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. एखाद्या विशिष्ट विषयाला वाहिलेल्या लहान संशोधन-नियतकालिकात खरे परीक्षण, म्हणजे लेख छापण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांकडून होणारी तपासणी, होतच नाही, तिथे ओळखीच्यांचेच लेख छापले जातात, परीक्षकांनी दुरुस्त्या मागितल्या तर तो सभ्य भाषेतला नकार समजावा, आणि उत्तर यायला महिने लागतात म्हणून एकच लेख एकाच वेळी चार ठिकाणी पाठवून द्यावा, असे त्यात सांगितलेले असते. अशा नियतकालिकांसाठी मी लेख लिहिले आहेत आणि परीक्षणेही केली आहेत. सल्ल्यातील काही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष नवोदितांचेच नुकसान करणारा आहे.

परीक्षण आणि नियतकालिकाचा आकार यांचा संबंध मानला जातो तितका सरळ नाही. ‘नेचर’सारख्या नामांकित नियतकालिकानेही बाह्य परीक्षण सर्व शोधनिबंधांसाठी सक्तीचे केले ते १९७३ मध्ये, डीएनएच्या रचनेवरील वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध तिथे बाहेरच्या परीक्षकांकडे न पाठवताच छापला गेला होता. लहान नियतकालिकात संपादक बहुधा स्वतःच त्या विषयाचा अभ्यासक असतो, त्यामुळे परीक्षकाकडे जाण्यापूर्वीच लेखाचे एक जाणते वाचन झालेले असते. पारखायचेच असेल तर संपादक मंडळावर कोण आहे, परीक्षणाची पद्धत लेखनसूचनांत स्पष्ट दिली आहे का आणि परीक्षकांचे अभिप्राय लेखकापर्यंत पोहोचतात का, हे पाहावे. पैसे घेऊन चार दिवसांत स्वीकृतीची हमी देणारी प्रकाशने हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याचा ठपका प्रामाणिक लहान नियतकालिकांवर ठेवणे अन्यायाचे आहे.

ओळखीच्या आरोपात तथ्याचा अंश आहे. जगभरात मोजकेच अभ्यासक असलेल्या विषयात परीक्षकापासून लेखकाचे नाव झाकले तरी विषय, साधने आणि ‘माझ्या आधीच्या लेखात दाखविल्याप्रमाणे’ यासारखी वाक्ये यांवरून लेखक ओळखू येतो. परंतु जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे कच्चा लेख छापल्याची नामुष्कीही संपादकाला त्याच वर्तुळात सोसावी लागते. शिवाय साभार परत आलेल्या लेखांची कारणे बहुतेकदा साधी असतात: विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसत नाही, आधीच्या संशोधनाची दखल घेतलेली नाही, किंवा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेलेला आहे. कधी जागाच नसते. जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये सायट्रिक आम्ल चक्राविषयीचे, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात त्या रासायनिक क्रियांच्या साखळीविषयीचे, टिपण ‘नेचर’कडे पाठवले, तेव्हा पुढील सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर हाती असल्याचे संपादकाने कळवले. मग त्यांनी आणि विल्यम जॉन्सन यांनी तो शोध ‘एन्झायमोलॉजिया’ या विशेष विषयाच्या नियतकालिकात त्याच वर्षी प्रसिद्ध केला, आणि १९५३ मध्ये क्रेब्ज नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

दुरुस्त्या म्हणजे नकार, ही समजूत मला सर्वांत दुःखद वाटते, कारण तिच्यामुळे छापण्याच्या उंबरठ्यावर आलेले लेख लेखक स्वतःच सोडून देतात. लेख नको असेल तर संपादक तसे कळवतो. नको असलेल्या लेखावर कोणी पानेच्या पाने टिपणे लिहीत बसत नाही. १९३६ मध्ये आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसल्याचे मांडणारा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. तो परीक्षकाला दाखवल्याचा त्यांना राग आला आणि त्यांनी तो परत घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, आणि त्यांचा आक्षेप बरोबर होता. १९३७ मध्ये निबंध दुसरीकडे प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. म्हणून अभिप्राय आला की दोन दिवस बाजूला ठेवावा, मग प्रत्येक मुद्द्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर बदलले हे लिहावे. पटत नसलेला मुद्दा कारण देऊन नाकारण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. गप्प राहून तो टाळणे मात्र परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

आता विलंब. तो होतो, आणि कधीकधी असह्य होतो. लहान नियतकालिकाचे संपादक आणि परीक्षक हे काम बहुधा विनामोबदला, आपली नोकरी सांभाळून करतात. पण त्यावर चार ठिकाणी लेख पाठवणे हा उपाय नव्हे. बहुतेक नियतकालिके लेख अन्यत्र विचाराधीन नसल्याचे लेखकाकडून लेखी घेतात, म्हणजे असे करणारा पहिल्याच पायरीवर खोटे लिहून देतो. त्यातही लहान विषयात परीक्षक इतके थोडे असतात की दोन संपादकांनी तोच लेख एकाच व्यक्तीकडे पाठवण्याची शक्यता मोठी असते, आणि तसे झाले की दोन्हीकडची दारे बंद होतात. लेखनसूचनांत दिलेली मुदत उलटल्यावर, आणि मुदत दिलेली नसेल तर साधारण तीन महिन्यांनी, संपादकाला लेखाचे शीर्षक व पाठवल्याची तारीख नमूद करून विचारणा करावी. त्यानंतरही उत्तर आले नाही तर लेख मागे घेत असल्याचे लेखी कळवावे, त्याची प्रत जपून ठेवावी, आणि मगच तो दुसरीकडे पाठवावा.