पॅकेजचा आकडा आणि पंचनाम्याचा कागद

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला. त्यानंतर आधी ओला दुष्काळ जाहीर करायचा की नाही यावर वाजलं, मग राज्य सरकारचं 31,628 कोटींचं मदत पॅकेज खरं किती आणि फुगवलेलं किती यावर. जपानमधून हे वाचताना वाटतं, खरा घोळ त्याच्या कितीतरी खाली, पंचनाम्यात आहे.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या तेव्हाच्या निकषांनुसार सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार. पक्क्या घराची पडझड अंशतः, म्हणजे निदान 15 टक्के असेल, तर 6,500. मधे पायरीच नाही! त्यात मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, वाळता वाळता बसते. तोवर तलाठी ‘अंशतः’ लिहून गेलेला असतो.

इथे पालिका नुकसानीचा दाखला देते. 50, 40, 30, 20 आणि 10 टक्के अशा टप्प्यांवर प्रतवारी बदलते. नदीच्या पुरात लाकडी घराला आकडेमोडही लागत नाही: जोत्यावर 1.8 मीटर पाणी चढलं की घर पूर्ण गेलं असं धरतात, 1 मीटरच्या वर असेल तर त्याखालची प्रत. भूकंपात पहिली पाहणी बाहेरूनच होते. निकाल पटला नाही तर घरमालक पुन्हा अर्ज करतो, मग माणसं आत येऊन भिंती, जमीन, छत तपासतात. पूर्ण गेलेल्या घराला 1998 च्या कायद्याने 10 लाख येन, नवं बांधलं तर आणखी 20 लाख.

हेही काही रामराज्य नाही. पालिकेच्या हद्दीत साधारण 10 घरं पूर्ण पडल्याशिवाय हा कायदा लागू होत नाही, आणि 20 ते 30 टक्क्यांतल्या घराला, ते पाडावं लागलं नाही तर, त्यातून छदामही मिळत नाही. 2024 च्या नोतो भूकंपात पाहणीला बाहेरच्या शहरांतून माणसं आणावी लागली. शिवाय हा कायदा घरापुरता आहे. खरडून गेलेल्या जमिनीबद्दल त्यात काही नाही.

म्हणून उचलायचं तर दोनच गोष्टी: टक्केवारीसह पंचनाम्याची प्रत घरमालकाच्या हातात, आणि ठरलेल्या मुदतीत फेरपाहणी मागण्याचा हक्क. पॅकेजच्या मानाने याला खर्च नगण्य. तोवर गावाकडे फोनवर एवढं सांगा: भिंत धुण्याआधी पाण्याच्या खुणेला मोजायची टेप लावून फोटो काढा, घराच्या चारही बाजूंचे काढा, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी आकडा वाचा.