बांध आणि शिट्टी

लेक शाळेच्या फुटबॉल संघात गेली आणि माझं कबड्डीतलं सगळं ज्ञान वाया गेलं. आम्ही परभणीची माणसं. पाय सापडला की सोडायचा नाही, एवढंच ठाऊक. पहिल्याच सामन्यात लेकीनं समोरच्या पोरीला पाठीमागून कमरेला धरलं. काय पकड होती! मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शिट्टी वाजली, अन् शेजारचे पालक माझ्याकडं असं बघायले, की पकड मीच केली.

रात्री लेकीनं माझी अन् माझ्या आईची शिकवणी घेतली. ढकलणं, पाडणं, धरणं, चेंडूला मुद्दाम हात लावणं, यावर डायरेक्ट फ्री किक; थेट गोल मारता येतो. पण आपल्याच गड्यानं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घेतला, तर इनडायरेक्ट. मग चेंडू दुसऱ्या कुणाला तरी लागल्याशिवाय गोल धरत नाहीत, अन् तोवर रेफरी एक हात वर करून उभा.

"घरच्यानं दिलेलं घ्यायचं नाही, परक्याचं चालतं? कामून गं?" आईनं विचारलं.

वेळ काढू नये म्हणून १९९२ साली हा नियम आला, असं लेकीनं सांगितलं. आईला काही पटलं नाही. ऑफसाइडचं विचारावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. लेकीचा चेहरा बघून मिटलं.

भिंत मात्र आम्हाला लगेच कळली. फ्री किकला विरोधकांनी चेंडूपासून ९.१५ मीटर लांब उभं राहायचं; गोल झाकायला खांद्याला खांदा लावून उभे राहतात, ती भिंत. रेफरी पावलं टाकून जागा दाखवतो. त्याची पाठ फिरली की भिंत हळूहळू पुढं. आमच्या चुलत्यानं दर पेरणीला औताचं एकेक तास करत बांध असाच कोरला. मोजणी झाली, दगड रोवले, तर पुढच्या मिरगापर्यंत दगडच चालत आमच्या रानात आले.

लेकीनं मोबाइलवर २०१४ च्या वर्ल्डकपमधला रेफरी दाखवला. त्यानं भिंतीच्या पायाशी फवाऱ्यानं पांढरी रेघ मारली. थोड्या वेळात रेघ गायब.

"आपल्यासारखीच मोजणी की मग," आई म्हणाली.

पुढच्या सामन्याला आई शेंगा घेऊन आली. फ्री किक मिळाली, भिंत उभी राहिली, रेफरी वळला. कडेची उंच पोरगी अर्धं पाऊल सरकली असेल-नसेल.

"ए पोरी! बांध कोरायलीस का?"

रेफरीनं मागं वळून बघितलं, अन् भिंत निमूट मागं गेली.