ज्वारीतल्या ल्युसीनची भीती नको

‘ज्वारीत ल्युसीन फार, त्यानं पेलाग्रा होतो, भाकरी बंद करा’ असा मेसेज फिरतोय. माझ्या मावशीनं तो वाचून खरंच भाकरी सोडली, म्हणून हा खुलासा. ल्युसीन म्हणजे प्रथिनांचा एक घटक, अमिनो आम्ल; पेलाग्रा म्हणजे कातडीवर दिसणारा, आहारातल्या कमतरतेचा आजार.

मेसेजला आधार आहे, पण अर्धाच. 1960च्या सुमारास हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरचे पेलाग्राचे रुग्ण पाहिले. गळ्याभोवती आणि हातांवर, जिथं ऊन लागतं तिथं, कातडी काळी पडून सोललेली. हे लोक गरीब होते, बहुतेक फक्त ज्वारीवर जगणारे. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसीन भरपूर असतं. ते नायसिनच्या (ब-3 जीवनसत्त्वाच्या) कामात आडवं येतं, असं गोपालन यांनी मांडलं. पुढच्या प्रयोगांत मात्र हे सगळीकडे जुळलं नाही आणि वाद राहिला. पेलाग्राचं मूळ नायसिनची कमतरता, हे मात्र पक्कं. शरीर प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासूनही नायसिन बनवतं, म्हणून भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की ताट भरून निघतं.

आणि ल्युसीन म्हणजे विष नव्हे! ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. स्नायूंमध्ये नवं प्रथिन बांधायचा इशाराही ते देतं. दूध, अंडी, डाळी, सगळ्यांत ते असतं. मेपल सिरप युरिन डिसीज या दुर्मीळ जन्मजात आजारात मात्र ल्युसीन मोजूनमापूनच द्यावं लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मावशी, पिठलं-भाकरी खुशाल खा.