केअर सेंटर बघायचं तर रात्री बघा

आईवडिलांना केअर सेंटरला ठेवावं का नाही, यावर फेसबुकवर कायम भांडणं चालू असतात, त्यात मला पडायचं नाही. ज्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, पोरं पुण्या-बेंगलोरला, ब्युरोतून आणलेली बाई आठवड्यात सोडून जाते, त्याला ठेवावंच लागतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मला बोलायचंय ते आपण सेंटर बघतो कसं यावर.

आपण जातो रविवारी सकाळी अकराला, सगळं घर गाडीत घालून. मालक एसी ऑफिसात बसवतात, चहा येतो, मग बाग दाखवतात, देवघर, टीव्हीचा हॉल, दिवाळीचे फोटो, कॅमेरे कुठं कुठं लावलेत ते. आपण खूश होऊन ॲडव्हान्स देऊन येतो. अहो पण आजीला चालता येत नाही म्हणूनच आलोय ना आपण, मग ती बाग कुणासाठी बघतोय?

माझं स्पष्ट मत आहे की सेंटर चांगलं की वाईट हे फक्त एका गोष्टीवर ठरतं, पेशंटला हात लावणारी माणसं किती आहेत आणि ती रात्री दोन वाजता किती आहेत. बाकी सगळं त्याच्या मागनं येतं.

आमच्या आत्यांचं खुब्याचं ऑपरेशन मिरजेत झालं, ऑपरेशन एकदम उत्तम, त्याबद्दल तक्रार शून्य. पुढं घरी कुणी नाही म्हणून एका सेंटरला ठेवलं, नाव घेत नाही. दिवसा सगळं टापटीप. एकदा रात्री दहाच्या पुढं भाऊ औषध द्यायला गेला तर अख्ख्या मजल्याला एकच मावशी, तीच स्वयंपाकघरातली भांडी आवरत होती, जिन्याच्या दाराला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडं, वॉचमन जेवायला बाहेर. आत्यांचा पाण्याचा तांब्या खिडकीत, म्हणजे त्यांच्या हातापासून चार फूट लांब. बेल नाही. "हाक मारली तर येतात की" म्हणाल्या, पण आवाज असा की शेजारच्या कॉटवर ऐकू जाणार नाही. पुढं माकडहाडावर बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, निघाला आणि आम्ही त्यांना तिथनं हलवलं.

बेडसोरबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सेंटरची खरी परीक्षा तिथंच होते. एकाच कुशीवर किंवा पाठीवर पडून राहिलं की हाडाच्या वरची कातडी दबते, रक्त पोचत नाही, ओला डायपर असला तर अजून लवकर बिघडतं. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू ह्या जागा पहिल्या. म्हणून जो स्वतः वळू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, रात्री सुद्धा. एअर बेड, म्हणजे हवेची गादी, घातला म्हणून हे काम सुटत नाही, बरीच सेंटरं एअर बेड दाखवून वेळ मारून नेतात. आता तुम्हीच हिशोब घाला, वीस पेशंट आणि रात्रीला एक मावशी असेल तर कूस कोण बदलणार? ती बाई वाईट नसती हो, तिला दोनच हात असतात.

आणि सुरुवात ओळखता येते. कातडी लाल दिसते, बोटानं दाबून सोडलं तरी लाली जात नाही, ही पहिली पायरी. आपल्याकडं सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, तर हात लावून बघायचं, तेवढी जागा गरम लागते नाहीतर घट्ट लागते. भेटायला गेलात की शाल पांघरून गप्पा मारून येऊ नका, पाठ बघा, टाचा बघा. सेंटरवाल्यांना राग आला तर येऊ दे.

दुसऱ्या सेंटरला मी मुद्दाम न सांगता संध्याकाळी जेवणाच्या वेळेला गेले. जागा जुनी, भिंतीला पोपडे, बाग वगैरे काही नाही. दोन मुली एका आजोबांना वळवत होत्या, खाली आडवी चादर घातलेली, एक खांद्याशी एक कमरेशी, "आजोबा, कुशीवर घेतो हां, रेलिंग धरा", मग दोन गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी. लघवीची पिशवी कॉटच्या खालच्या दांडीला अडकवलेली, जमिनीवर लोळत नव्हती आणि वर गादीवर पण ठेवली नव्हती. पलीकडं नाकातल्या नळीनं एका आजींना पेज दिली होती तर कॉटचं डोकं उंच, आणि सिस्टर म्हणाली अजून अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. मला मालकाला काही विचारायची गरजच उरली नाही.

अजून एक. सकाळी अकराला जा आणि सगळे म्हातारे गाढ झोपलेले दिसले तर शांत वातावरण आहे म्हणून खूश होऊ नका, औषधाचा चार्ट मागा आणि झोपेची गोळी कुणी लिहून दिलीय ते विचारा. हात कॉटला बांधलेले दिसले तर विषयच संपला.

अमेरिकेत सरकार 2008 पासून नर्सिंग होमना, म्हणजे तिथल्या अशा केअर सेंटरना, एक ते पाच स्टार देतं आणि ते वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. आधी स्टाफचे आकडे नर्सिंग होमवालेच भरून द्यायचे, पुढं ते पगाराच्या नोंदीवरनं घ्यायला लागले. आता शनिवार-रविवारचा स्टाफ पण मोजतात आणि माणसं किती सोडून जातात ते पण. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही, पण बघायचं काय हे त्यांना कळलंय. आपण पण ड्युटी चार्ट मागू शकतो. मावशीला सहज विचारू शकतो, किती दिवस झाले इथं? सगळ्याच नवीन असतील तर काय ते समजा.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, आजारी, जखमी, अधू माणसं ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा जिथं होते ती जागा त्यात येते, नोंदणीचं सर्टिफिकेट दर्शनी भागात लावावं लागतं. नाकातली नळी, लघवीची नळी (कॅथेटर), ड्रेसिंग सगळं करायचं आणि नोंदणीचं विचारलं की "आमचा वृद्धाश्रम आहे" म्हणायचं, हे कसं चालेल? ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करून अशा केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा आणायचं विधेयक 2019 ला लोकसभेत आलं होतं, ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. मला या गोष्टीचा खरंच संताप येतो. हॉटेलला लायसन लागतं आणि बोलता न येणारी माणसं जिथं राहतात तिथं कोण तपासतंय?

आणि आमच्या सांगलीत अजून एक प्रश्न विचारायलाच पाहिजे, पूर आला तर? 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला परत आलं. शामरावनगर, कर्नाळ रोड, मारुती चौक या बाजूला तळमजल्यावर झोपून असलेले पेशंट असतील तर पाणी 40 फुटाला, म्हणजे इशारा पातळीला आलं की त्यांना कुठं हलवणार, कुठल्या गाडीतनं, ऑक्सिजन लागणाऱ्याचं काय, हे मालकाला तोंडपाठ पाहिजे. "बघू की तवा" हे उत्तर मिळालं तर तिथं ॲडव्हान्स देऊ नका. आगीचं पण तेच, खिडक्यांना गज, एकच जिना आणि त्याला कुलूप असेल तर न चालणारी माणसं बाहेर काढणार कुठनं.

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत अशी सेंटरं किती, त्यातली नोंदणी झालेली किती आणि मागच्या तीन वर्षांत तपासणी कुणाकुणाची झाली, एवढे तीन प्रश्न मी माहिती अधिकारात विचारणार आहे, अर्ज लिहून तयार आहे. जत, आटपाडी, तासगाव, वाळवा तिकडच्यांनी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या ऑफिसला अर्ज करायचा. कुणाला मजकूर पाहिजे असेल तर मेसेज करा, पाठवते.